घरगुती बिअरच्या बाटलीवरचे लेबल : पार्श्वभूमी

घरी केलेल्या बिअरच्या लेबलाला दोन उलटी कामे करावी लागतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटले तरी ते जागचे हलता कामा नये. आणि बाटली रिकामी झाली की पुढच्या खेपेसाठी ते खरवडल्याशिवाय निघाले पाहिजे. बाटल्या परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरणाऱ्या ब्रुअऱ्यांपुढे, म्हणजे बिअरच्या कारखान्यांपुढे, हाच पेच होता. घरगुती बिअरवाल्यांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि बरेचसे उत्तरही तिथूनच उचलले.

कागदी लेबल येण्यापूर्वी बिअर कोणाची हे काचेत किंवा मातीच्या बाटलीवर उठवलेल्या अक्षरांवरून, नाही तर बुचावरच्या छापावरून कळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलॉइस सेनेफेल्डरने बव्हेरियात शिळाछपाई शोधली, पुढे कागद यंत्रावर बनू लागला, आणि १८४५ साली ब्रिटनने काचेवरचा कर उठवला. यातून काचेच्या बाटलीवर छापील कागदी लेबल लावणे परवडू लागले. त्या काळी मोठ्या ब्रुअऱ्या बिअर पिंपांतून पाठवत. बाटल्या भरणारे बहुधा दुसरेच असत. त्यामुळे लेबलाला हमीपत्राचे मोल आले. गिनेस या आयरिश ब्रुअरीच्या लेबलावर हार्प या तंतुवाद्याचे चिन्ह १८६२ मध्ये आले, आणि सोबत बाटली भरणाऱ्याचे नावही छापले जाई. बास या इंग्लिश ब्रुअरीचा लाल त्रिकोण १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला.

छपाईचा हा इतिहास देखणा आहे, पण घरी बिअर करणाऱ्याच्या उपयोगाचा इतिहास गोंदाचा. पिठाची खळ किंवा डेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून केलेला गोंद कोरड्या बाटलीवर छान बसते, पण ओल लागली की मऊ पडते आणि लेबल घसरते. दुधातल्या केसिन या प्रथिनापासून केलेला गोंद थंड ओलाव्यात टिकतो आणि गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटतो. म्हणून परत येणाऱ्या बाटल्यांसाठी ब्रुअऱ्यांनी तो धरला. घरी दुधाने लेबल चिकटवण्याची पद्धत दिसते विचित्र, पण तिच्यामागे हेच रसायन आहे.

घरगुती बिअरला कायद्याची वाट उशिरा मोकळी झाली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरची बिअर बेकायदाच राहिली. ती मुभा जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने दिली. विक्री नाही, त्यामुळे लेबलाची सक्तीही नाही. पुष्कळ जण झाकणावर मार्करने खेपेचा क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहून मोकळे होत, आजही होतात. कपाटात दोन-तीन प्रकारची बिअर असेल तर तेवढे पुरते. बाटली भेट द्यायची झाली की मात्र लेबल हवेसे वाटते.

१९८० च्या दशकात लेझर आणि इंकजेट प्रिंटर आले आणि छपाई टेबलावर आली. दोघांतला फरक इथे महत्त्वाचा. लेझरचा टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेले प्लास्टिक. पाण्याने ते फुटत नाही. इंकजेटची साधी शाई पहिल्याच थेंबाला पसरते. इंकजेटच हाताशी असेल तर छापून पूर्ण वाळू द्यावे आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर कागदाला सुरकुत्या पडतात.

कागद साधा, चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचाच बरा. जाड कागद बाटलीच्या गोलाईला जुमानत नाही, कडा उठतात. कडा उठण्याचे दुसरे कारण तंतूंची दिशा, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ओला झालेला तंतू लांबीत नव्हे, जाडीत फुगतो. कागदाची एक बाजू ओली केली की तो गुंडाळू लागतो; त्या गुंडाळीचा अक्ष ही तंतूंची दिशा. लेबलावर ती आडवी, बाटलीच्या तळाला समांतर हवी. उभी असेल तर डावी-उजवी कड बाहेर वळते. ए-४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून लेबलाची रुंदी २९७ मिमीच्या बाजूने धरावी. ९५ × ६५ मिमीची नऊ लेबले एका पानावर बसतात. १९ लिटरच्या खेपेतून ३५५ मिलीच्या साधारण पन्नास बाटल्या भरतात, त्यांना सहा पाने पुरतात.

लेबल लावायचे ते बंद बाटलीतल्या बिअरमध्ये फेसाचा गॅस तयार होऊन झाल्यावर. त्याआधी एखादी बाटली गळली तर शेजारच्या सगळ्यांची लेबले खराब होतात. बाटल्या कोरड्या आणि खोलीच्या तापमानाला असाव्यात. साय काढलेले दूध बशीत घ्यावे, कारण स्निग्धांशाने कागदावर तेलकट डाग पडतात. ब्रशने मागच्या बाजूला पातळ हात द्यावा, लेबल मधून कडांकडे दाबत न्यावे, बाहेर आलेले दूध ओल्या फडक्याने टिपावे. पंधरा-वीस मिनिटांत ते धरते. फ्रिजमधल्या घामाला ते पुरते. बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवले तर सुटते, कारण कारखान्यातल्या केसिन गोंदात पाण्याला दाद न देणारी इतर द्रव्येही घातलेली असतात, नुसत्या दुधात ती नसतात. दुधाऐवजी गोंदाची कांडी चालते, फक्त चारही कडांपर्यंत फिरवावी.

अमेरिकेत स्टँटन अ‍ॅव्हरी यांनी १९३५ मध्ये स्वयंचिकट लेबल बाजारात आणले. लावायला त्याच्याइतके सोपे काही नाही, काढायला तितकेच कटकटीचे. कागद भिजून निघतो, चिकटा काचेवर राहतो. त्यावर खाद्यतेल चोळून थोडा वेळ ठेवावे, मग भांड्यांच्या साबणाने धुवावे. दुधाची आणि ब्रुअरीची केसिनवाली लेबले धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्ध्या तासात तरंगू लागतात. पाणी जड असेल आणि बाटल्या रात्रभर राहिल्या, तर काचेवर पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरने जातो.

स्पर्धेला पाठवायच्या बाटल्यांना लेबल लावूच नये. परीक्षकांना बिअर कोणाची ते कळू नये म्हणून बाटली कोरी मागतात, झाकणावरची अक्षरेही काळी करायला सांगतात, आणि नोंदणीची चिठ्ठी रबरबँडने अडकवायची असते.