भावाचं घर विकत घेताय? वहिनीचीही सही घ्या
(घटस्फोटाच्या काळात घरातल्या माणसांकडून घर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भाऊ-वहिनीचं पटत नाही, दोघं वेगळी होणार, घर बाहेरच्याला जाऊ नये म्हणून तुम्ही घेताय. बेळगावातल्या वडगाव, शहापूरची, तसंच खानापूर, निपाणीकडची अशी कामं आमच्याकडे येतात आणि "घरातलाच व्यवहार आहे, बॉन्डवर लिहून ठेवलं की झालं" हे वाक्यही सोबत येतं. घराची मालकी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या खरेदीपत्रानेच बदलते. नोटरी केलेला बॉन्ड किंवा संचकार (विसार करार) म्हणजे मालकी नव्हे. उताऱ्यावर नाव चढलं, घरफाळा तुम्ही भरला, तरीही नव्हे.

उतारा एकट्या भावाच्या नावावर असेल तर?

घटस्फोट झाला की बायकोला अर्धं घर आपोआप मिळतं, असा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं, वहिनीचा संबंध काय? संबंध आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ सांगतं की, एखाद्या मालमत्तेच्या उत्पन्नातून कुणाचा पोटगीचा हक्क असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. बाहेरचं गिऱ्हाईक "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटू बघेल. तुम्ही लग्नात अक्षता टाकल्यात, भांडणं मिटवायला बैठकीला बसलात. तुम्हाला कोण सोडणार?

दुसरं, वहिनी त्याच घरात राहत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांना तिथून काढू नये, घर विकू नये, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कागद तुमच्या नावाचा आणि कुलूप त्यांचं, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून खरेदीपत्रात भाऊ 'लिहून देणार' आणि वहिनी 'मान्यता देणार' अशा दोघांच्या सह्या आम्ही आग्रहाने घेतो. घर कोणत्या तारखेला रिकामं होणार, तेही त्यातच लिहितो.

दोघांच्या नावावर घर असेल तर

"वहिनीकडून हक्कसोड घेतो" म्हणत लोक येतात. हक्कसोड सहमालकाच्या नावे होतं. तुम्ही सहमालक नाही. एकतर दोघांनी तुम्हाला खरेदी द्यावी, नाहीतर वहिनीने भावाला हक्कसोड द्यावं आणि मग भावाने विकावं. आम्हाला पहिला मार्ग बरा वाटतो, एक कागद कमी. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेचा हिशेब मिटवून मूळ कागद सोडवून घ्या.

ईसीवर (बोजा दाखल्यावर) विसंबू नका

कावेरी या कर्नाटकाच्या दस्त-नोंदणी पोर्टलवरून काढलेल्या ईसीत नोंदलेले व्यवहार दिसतात. कोर्टात चालू असलेला दावा दिसेलच असं नाही. आणि या घराबद्दल दावा चालू असताना घेतलंत, तर निकाल तुम्हालाही बांधतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५२). बेळगावच्या दिवाणी आणि कौटुंबिक कोर्टात वकिलाकडून चौकशी करून घ्या. संमतीने घटस्फोट होणार असेल तर घराची अट तडजोडीत लिहिलेली हवी. पण असा अर्ज कोर्टात दोन टप्प्यांत चालतो आणि दुसऱ्या टप्प्याआधी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे धरून चला. पैसे, सह्या आणि किल्ली एकाच दिवशी.

रक्कम ज्याची त्याच्या खात्यावर. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड बसू शकतो. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर त्यातून एक टक्का टीडीएस (आयकर) तुम्ही कापून भरायचा, समोर सख्खा भाऊ असला तरी.

भाषेचा प्रश्न

खरेदीपत्र इथे सहसा कन्नडमध्ये होतं. सही करणाऱ्याला कन्नड वाचता येत नसेल तर उद्या "काय लिहिलंय ते मला सांगितलंच नाही" अशी तक्रार उभी राहते. आम्ही मसुदा दोघांना वेगवेगळं बसवून मराठीत वाचून दाखवतो आणि तशी नोंद कागदात घेतो. वहिनींचा वकील मात्र वेगळा हवा. दोन्ही बाजूंचं काम आम्ही एका टेबलावर घेत नाही.

येताना उतारा किंवा ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा), मूळ खरेदीपत्र, घरफाळ्याच्या पावत्या, कर्जाचे कागद आणि कोर्टात काही दाखल झालं असेल तर त्याची प्रत आणा. जुने कागद मोडी लिपीत असतील तर तेही आणा.