तामागोची: एकटं पाळायचं खेळणं जोडलं कसं गेलं

जपानात २३ नोव्हेंबर १९९६ रोजी तामागोची, म्हणजे पडद्यावरचा प्राणी पाळायचं इलेक्ट्रॉनिक खेळणं, विक्रीला आलं, बाहेरच्या देशांत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापासून. बेळगाव-निपाणीकडच्या पोरांच्या हाती पडली ती बहुतेक चिनी नक्कल, 'एकात १६८ प्राणी' असं पाकिटावर छापलेली. बटण सेल संपला की ती घेऊन घड्याळवाल्याकडं जायचं, कारण मागचं झाकण बारीक स्क्रूचं. सेल काढला की प्राणी गेला, परत अंड्यापासून.

तीन बटणं, ३२ बाय १६ ठिपक्यांचा पडदा, वर-खाली मिळून आठ चिन्हं. भांडण पेटलं ते नसलेल्या चौथ्या बटणावरून. खेळ थांबवायची सोयच नव्हती. भर वर्गात प्राणी भुकेनं पिपाणी वाजवी, दुर्लक्ष केलं तर मरे. जपानी आवृत्तीत भूत आणि थडगं दिसे, परदेशी आवृत्तीत तो देवदूत होऊन उडून जाई. जपान-अमेरिकेत कित्येक शाळांनी बंदी घातली, पालक वैतागले. पोरांनी मात्र पळवाट काढली: घड्याळ लावायचा पडदा उघडा ठेवला की वेळ तिथंच थांबतो. ही सोय सरळ का दिली नाही, असं विचारणारे आजही आहेत. पण थांबवता आलं असतं तर त्या प्राण्याकडं दुसऱ्या दिवशी कोण बघणार होतं? पुढच्या आवृत्त्यांत प्राणी कुणाकडं तरी सांभाळायला ठेवायची सोय आली आणि धाकच गेला.

जोडणी सुरू झाली १९९७ च्या मध्यात, डिजिमॉन या तशाच पण झुंजीच्या खेळण्यापासून. दोन खेळण्यांच्या डोक्यावरच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकवल्या की झुंज लागे. तामागोचीत २००४ साली इन्फ्रारेड, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांची जोडणी, आलं: समोरासमोर धरायचं, भेटवस्तू द्यायची, जमलं तर लग्न आणि पिल्लू. आपल्याकडच्या नकलांना ना पट्टी ना इन्फ्रारेड. कोल्हापूरच्या आतेभावाकडं अस्सल असलं तरी सुट्टीत दोघांनी नुसते पडदे एकमेकांना दाखवायचे.

नंतर सगळं झपाट्यानं झालं. २००८ ला रंगीत पडदा, २०१८ च्या सुमारास ब्लूटूथ आणि फोनवरचं अ‍ॅप, २०२१ ला कॅमेरा, २०२३ ला वाय-फाय. वाय-फायवरच्या जोडणीला शेजारच्या बाकावरचा दोस्त लागत नाही, खेळणं बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर चालू लागतो. तो बंद पडला तर जोडणीही बंद. इन्फ्रारेडला हे भय नाही. कदाचित म्हणूनच २००४ ला सुरू झालेलं ते इन्फ्रारेडचं तामागोची २०२४ मध्ये परत बाजारात आलं.