प्रकाशसाहित्याच्या पेट्या व बॅगा (छायाचित्रण)

स्टुडिओबाहेरच्या छायाचित्रणासाठी लागणारे फ्लॅश, एलईडी दिवे, स्टँड, प्रकाश मऊ करणाऱ्या छत्र्या व सॉफ्टबॉक्स, केबली, बॅटऱ्या इ. साहित्याची ने-आण करण्याच्या पेट्या व बॅगा. कॅमेऱ्याच्या बॅगेहून यांच्याकडून अपेक्षा वेगळी असते. कॅमेरा क्षणात हाती यावा लागतो. दिवे मात्र जागेवर पोहोचेपर्यंत पेटीत बंदच असतात. शिवाय एकाच संचात लांब नळ्यांचे स्टँड, काचेच्या फ्लॅश ट्यूब आणि जड बॅटऱ्या एकत्र येतात. सर्वसाधारणपणे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची हार्ड केस, प्लायवुडची फ्लाइट केस आणि अस्तर भरलेली कापडी बॅग असे तीन प्रकार वापरात आहेत.

उगम : आजच्या हार्ड केसची पूर्वज म्हणून ॲल्युमिनियमच्या पेटीकडे बोट दाखवले जाते, पण ती पहिल्यांदा कोणी केली, यावर एकमत नाही. जर्मनीतील कोलोन येथे पाउल मोर्शेक यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या, पुढे रिमोवा या नावाने प्रसिद्ध झालेल्या कारखान्याने १९३७ मध्ये ॲल्युमिनियमची प्रवासपेटी बनविली, असे कंपनीचा इतिहास सांगतो. आगीत बाकी कच्चा माल खाक झाला व फक्त ॲल्युमिनियम उरले, ही त्यामागची कथाही त्याच इतिहासातली आहे. अमेरिकेत तेलविहिरींच्या सिमेंटकामातून पुढे आलेले अर्ल हॅलिबर्टन यांनी टेक्सासच्या धुळीत आणि खडबडीत रस्त्यांवर टिकाव धरेल अशी पेटी विमान-अभियंत्यांकडून करवून घेतली. तिचा काळ बहुधा १९३८ हा दिला जातो. दोन्ही तारखा उत्पादकांकडूनच आलेल्या असल्याने एका वर्षाच्या फरकावरून अग्रक्रम ठरविण्यात फारसा अर्थ नाही; दोन्ही ठिकाणी विमानबांधणीतला पत्रा सामानाकडे वळला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हॅलिबर्टन पेटीच्या व्यवसायाचा ताबा १९५२ मध्ये झिरो कॉर्पोरेशनकडे गेला. झिरो हॅलिबर्टन या नावाच्या पेट्यांतून चंद्रावरचे खडक पृथ्वीवर आले, असे विक्रीपत्रकांतून व लोकप्रिय लेखनातून वारंवार सांगितले जाते. हे विधान जपून घ्यावे. अपोलो मोहिमांतील नमुनापेट्या अमेरिकेतील ओक रिज येथील वाय-१२ कारखान्यात, ॲल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून घडविल्याची संग्रहालयीन नोंद आहे, आणि तीच अधिक विश्वसनीय ठरते. छायाचित्रकारांशी निश्चित संबंध दिसतो तो रिमोवाच्या १९७६ मधील जलरोधक पेटीचा. ती छायाचित्रक व चित्रपट पथके यांना डोळ्यापुढे ठेवून केलेली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे पार्कर दांपत्याने पेलिकन ही कंपनी घरच्या गॅरेजमध्ये काढली. पुढे प्लास्टिकच्या पेटीने ॲल्युमिनियमची जागा बरीचशी घेतली, कारण पत्र्याला पोचा पडला की झाकण नीट बसत नाही. प्लास्टिक दबून पूर्वपदावर येते.

फ्लाइट केस : प्लायवुडच्या फळ्या, कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना लोखंडी गोल टोप्या व बाहेर न डोकावणाऱ्या कड्या, अशी हिची बांधणी. अमेरिकेच्या एअर ट्रान्सपोर्ट असोसिएशनचे ‘स्पेसिफिकेशन ३००’ हे मूळ विमानांच्या सुट्या भागांच्या वेष्टनासाठी होते. त्यातील पहिल्या वर्गाच्या पेटीने किमान १०० फेऱ्या टिकाव्या अशी अपेक्षा असते. जाहिरातीत हा आकडा संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रासारखा वापरला जातो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती उत्पादकाचीच घोषणा असते. जड बॅलास्टचे (वीजप्रवाह नियंत्रित करणाऱ्या ठोकळ्याचे) दिवे टेम्पोतून नेताना फ्लाइट केस उत्तम. दोन फ्लॅशसाठी ती अनावश्यक.

हार्ड केस : झाकणाच्या खाचेत रबरी कडे व पुढच्या बाजूस दाब समान करणारी झडप असते. विमानाच्या सामानकक्षात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. उड्डाणात पेटीतील थोडी हवा बाहेर निसटते व झडप बंद असेल तर उतरल्यावर बाहेरची हवा झाकण आत दाबून धरते. झडप हाताने फिरवायची असलेल्या जुन्या पेट्यांत ती सैल केल्याशिवाय कड्या उघडूनही झाकण हलत नाही, आणि नवखा माणूस मग स्क्रूड्रायव्हर शोधू लागतो. आतील फोमबाबत एक सावधगिरी हवी. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत कालांतराने चिकट होऊन भुगा होतो, आणि तो भुगा फ्लॅशच्या पंख्यात शिरतो. कोकण-गोव्याकडे राहणाऱ्याने पॉलिइथिलीनचा फोम किंवा वेल्क्रोचे कप्पे घेणे बरे. हवाबंद पेटीत ओले साहित्य बंद केले तर ओलही आतच राहते, हेही ध्यानात घ्यावे.

वजन व मापे : निवडीत सर्वांत दुर्लक्षित राहते ते पेटीचे स्वतःचे वजन. पेलिकन १५१० ही केबिनमध्ये नेण्यासाठी लोकप्रिय असलेली पेटी बाहेरून ५५.९ × ३५.१ × २२.९ सेंमी. भरते. तिन्ही मापांची बेरीज ११३.९ सेंमी., म्हणजे भारतातील देशांतर्गत उड्डाणांच्या नेहमीच्या ११५ सेंमी. मर्यादेत बसते, परंतु फोमसह रिकामी पेटीच सुमारे ६.२ किग्रॅ. असल्याने ७ किग्रॅ.च्या मर्यादेत दिव्यांसाठी ८०० ग्रॅ. उरतात. रेल्वेत वातानुकूलित तीन-टिअर डब्यातील पेटीला ५५ × ४५ × २२.५ सेंमी. ही मर्यादा आहे. हीच १५१० तेथे लांबीत ९ मिमी. व जाडीत ४ मिमी.ने नियमाबाहेर जाते. (तिकीट तपासनीस टेप घेऊन फिरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) इतर बहुतेक वर्गांसाठी १०० × ६० × २५ सेंमी. ही मर्यादा असून त्याहून मोठे सामान ब्रेकव्हॅनमधून पाठवावे लागते. स्टँडची बॅग पुष्कळदा एक मीटरपेक्षा लांब असल्याने अडचण तिचीच अधिक. म्हणून घडी केल्यावर ९० सेंमी.च्या आत येणारे स्टँड घेणे, आणि ते दिव्यांच्या पेटीत न कोंबता साध्या कापडी बॅगेत वेगळे नेणे, हा मार्ग सोयीचा ठरतो.

बॅटऱ्या : बॅटरीवर चालणारे फ्लॅश रुळल्यावर संच एकाच पेटीत ठेवण्याची सोय विमानप्रवासापुरती संपली. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. त्या केबिनमध्येच, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची संमती लागते व जास्तीत जास्त दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. त्यापुढची प्रवासी सामानात नेता येत नाही. वॉट-तास म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. गोडॉक्स कंपनीच्या एडी२०० या फ्लॅशची बॅटरी १४.४ × २.९ म्हणजे ४१.७६ वॉट-तासांची, तर जुन्या एडी६००बीएमची ११.१ × ८.७ म्हणजे ९६.५७. पुष्कळशा व्ही-माउंट (व्ही आकाराच्या खाचेत बसणाऱ्या) बॅटऱ्या ९५ ते ९९ वॉट-तासांच्या असतात त्या याच मर्यादेमुळे. बॅटरीवरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत गुणाकार ऐकून घेतला जाईलच, असे नाही.

भरणे : फ्लॅश बंद करून कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे होऊ द्यावेत. हॅलोजनचा मॉडेलिंग दिवा (फ्लॅशचा प्रकाश कसा पडेल ते आधी दाखवणारा) निवल्यावर काढून वेगळा गुंडाळावा. त्याच्या काचेला उघडी बोटे लावू नयेत, कारण तेलकट डागाच्या जागी काच जास्त तापून दिवा फुटू शकतो. फ्लॅश ट्यूबवर प्लास्टिकची टोपी चढवून हेड (फ्लॅशचा ट्यूब असलेला भाग) आडवे ठेवतात, तोंड पेटीच्या भिंतीकडे न करता आतल्या बाजूस. एचएमआय या प्रखर चित्रीकरण-दिव्याच्या बल्बमध्ये पारा असल्याने विमानाने नेताना त्याची आधी चौकशी करावी लागते. स्टँड स्थिर ठेवणाऱ्या वाळूच्या पिशव्या रिकाम्या न्याव्यात व चित्रणस्थळी भराव्यात.

लग्नसमारंभाच्या कामात, जिथे एकाच दिवसात हॉल, घर व देऊळ अशी धावपळ असते, चाकांच्या हार्ड केसपेक्षा खांद्याला लावायची कापडी बॅगच सोयीची पडते. जिने आणि गाडीची डिकी यांना चाकांचा उपयोग नाही.