ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग

तयार ॲप्लिकेशनच्या मूळ कोडला हात न लावता त्याच्या वागण्यात भर घालण्याची किंवा बदल करण्याची पद्धत. लॉगिंग (घडामोडींची नोंद), परवानगीची तपासणी, डेटाबेस ट्रान्झॅक्शन ही कामे कुठल्याच एका क्लासची (कोडच्या एका घटकाची) नसतात. त्यांच्या ओळी शेकडो मेथडमध्ये, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनमध्ये, पसरतात. ते काम एका जागी, म्हणजे ‘ॲस्पेक्ट’मध्ये, लिहायचे आणि ते कुठे लागू व्हावे याचा नियम वेगळा सांगायचा.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. वॉरन टाइटलमन यांनी १९६६ च्या एमआयटीतील प्रबंधात लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार फंक्शनला बाहेरून ‘ॲडव्हाइस’ जोडण्याची सोय मांडली. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये हा शब्द त्याच अर्थाने आजही वापरात आहे. ‘ॲस्पेक्ट-ओरिएंटेड’ हे नाव रूढ झाले ते झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या शोधनिबंधामुळे. याच गटाने जावासाठी ॲस्पेक्टजे ही भाषा घडवली. पुढे ती एक्लिप्स या ओपन-सोर्स प्रकल्पाकडे गेली.

प्रोग्रॅम चालताना जिथे शिरता येते ती जागा म्हणजे जॉइन पॉइंट. त्यांतून हव्या तेवढ्या निवडणारा नियम म्हणजे पॉइंटकट. आणि तिथे चालवायचा कोड म्हणजे ॲडव्हाइस. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ मूळ मेथडच्या आधी-नंतर चालतात. खरी ताकद ‘अराउंड’ची. तो मूळ मेथडला वेढतो. आत ‘प्रोसीड’ म्हटले तरच मूळ कोड चालतो. त्यामुळे आर्ग्युमेंट (मेथडला दिलेली मूल्ये) बदलून पुढे पाठवता येतात, उत्तर बदलता येते, किंवा मूळ काम पूर्ण टाळून कॅशमधले (आधी साठवून ठेवलेले) उत्तर देता येते. समजा, सोर्स कोड नसलेल्या जार फाइलमधली (जावाच्या तयार लायब्ररीतली) एखादी मेथड प्रत्येक वेळी सर्व्हरकडून तेच भाव मागवते आहे. दहा-बारा ओळींचा अराउंड ॲडव्हाइस हे थांबवू शकतो.

ॲडव्हाइस मूळ कोडमध्ये गुंफण्याला वीव्हिंग म्हणतात. ते कंपाइल करताना, तयार बायटकोडवर (कंपाइल झालेल्या जावा कोडवर) किंवा क्लास लोड होताना करता येते. लोड होतानाच्या वीव्हिंगसाठी सहसा जावा एजंट (क्लास लोड होताना त्यात बदल करणारा जोड-प्रोग्रॅम) लावतात. स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क मात्र सहसा प्रॉक्सी (मूळ ऑब्जेक्टच्या पुढे उभा राहणारा मध्यस्थ ऑब्जेक्ट) वापरते, आणि नवखे इथेच अडकतात: ऑब्जेक्टने स्वतःच्याच मेथडला आतून हाक मारली तर ती हाक प्रॉक्सीतून जात नाही. ट्रान्झॅक्शनचे ॲनोटेशन (कोडवर लावलेली खूण) असूनही ट्रान्झॅक्शन सुरू न होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की मूळ कोड वाचणाऱ्याला बदल दिसतच नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून व्यवसायाचे नियम ॲस्पेक्टमध्ये लपवू नयेत. शिवाय पॉइंटकट बऱ्याचदा नावांवर बेतलेला असतो. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत मेथडचे नाव बदलले की ॲडव्हाइस गळून पडतो आणि प्रोग्रॅम मात्र चालत राहतो. ॲडव्हाइस कुठेच जुळला नाही, तर ॲस्पेक्टजेचा कंपायलर तसा इशारा देतो. तयार ॲप्लिकेशनवर काम करताना तो इशारा एरर मानावा.