सक्तीचा परवाना (औषधे)

पेटंटधारकाची संमती नसतानाही त्याच्या पेटंटखालील वस्तू बनवण्याची, आयात करण्याची किंवा विकण्याची मुभा सरकारने दुसऱ्या उत्पादकाला देणे, म्हणजे सक्तीचा परवाना. यात पेटंट रद्द होत नाही. ते मालकाकडेच राहते, त्याला रॉयल्टीही मिळते. मोडते ती फक्त मक्तेदारी. ही तरतूद कोणत्याही शोधाला लागू होऊ शकते, पण तिचा खरा कस लागला तो औषधांच्या बाबतीत आणि तोही विकसनशील देशांत. ज्या औषधावाचून माणूस दगावतो त्याची किंमत एकट्या मालकाने ठरवावी का, हा तिच्यामागचा प्रश्न आहे.

कल्पना जुनी आहे. औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारात ती १९२५ च्या हेग येथील दुरुस्तीने आली. औषधांच्या संदर्भात तिला धार आली १ जानेवारी १९९५ नंतर, कारण त्या दिवशी जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार लागू झाला. तोवर अनेक देश औषधांना पेटंट देतच नसत. भारताच्या १९७० च्या कायद्यानुसार औषध बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे, औषधाला नाही. म्हणून वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध तयार करणारा मोठा जेनेरिक उद्योग त्या देशात उभा राहिला. ट्रिप्सने अर्जाच्या तारखेपासून किमान वीस वर्षांचे पेटंट सर्व क्षेत्रांत बंधनकारक केले आणि भारताने २००५ मध्ये औषधांनाही ते देऊ केले. मात्र याच कराराच्या ३१ व्या कलमात सक्तीच्या परवान्याला जागा आहे: आधी मालकाशी वाजवी अटींवर बोलणी करावीत (राष्ट्रीय आणीबाणीत किंवा बिगरव्यापारी सरकारी वापरासाठी हीही अट नाही), योग्य मोबदला द्यावा आणि माल मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी असावा.

कागदावरचे हे कलम वापरायची हिंमत सहजासहजी कोणाला झाली नाही. २००० च्या सुमारास एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत आणि आफ्रिकेतील बहुसंख्य रुग्णांना तो मिळतच नव्हता. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला, तर ३९ औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि मूळ किंमत उत्पादनखर्चाच्या किती पट होती ते उघड्यावर आले. जगभरच्या संतापापुढे कंपन्यांनी एप्रिलमध्ये दावा मागे घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची भीती पसरली, तेव्हा तिथल्या सरकारनेही त्यावरील सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे पेटंट बाजूला सारण्याचा इशारा देऊन किंमत जवळपास निम्म्यावर आणवली. गरीब देशांना जे नाकारले जात होते ते श्रीमंत देशाने गरज पडताच हाती घेतले, हे इथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. पुढच्याच महिन्यात, १४ नोव्हेंबर २००१ रोजी, जागतिक व्यापार संघटनेचा दोहा जाहीरनामा संमत झाला. परवाने देण्याचा आणि त्यांची कारणे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, असे त्यात नि:संदिग्धपणे म्हटले आहे. आणीबाणी असल्याखेरीज असा परवाना देता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

भारतात औषधासाठी असा परवाना आजवर एकदाच दिला गेला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी ‘नेक्सावार’ या नावाने महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. नॅट्को कंपनीने ते ८,८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवली. पेटंट नियंत्रकांनी मार्च २०१२ मध्ये परवाना मंजूर केला. पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमातील तीनही कारणे त्यांना पटली: लोकांची गरज भागत नाही, किंमत परवडणारी नाही आणि शोधाचा वापर भारतात होत नाही. यांपैकी कोणतेही एक पुरेसे असते. पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंतच औषध पोहोचत होते, असे त्यांना आढळले. सहा टक्के रॉयल्टी ठरली, ती अपिलात सात टक्के झाली; वर्षाला किमान सहाशे गरजू रुग्णांना औषध मोफत देण्याची अटही होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय कायम ठेवला. नंतरचे अर्ज मात्र फेटाळले गेले.

परवान्यांची संख्या कमी म्हणून हे हत्यार बोथट, असे मानणे चूक ठरेल. त्याची ताकद बरीचशी धाकात आहे. ब्राझीलने २००१ मध्ये नुसता इशारा देऊन एड्सच्या औषधांच्या किमती उतरवून घेतल्या. २००७ मध्ये एफाव्हिरेन्झ या एड्सवरील औषधाबाबत बोलणी फिसकटली, तेव्हा परवाना प्रत्यक्ष काढून आधी भारतातून जेनेरिक आणले आणि मग स्वतःच्या सरकारी कारखान्यात बनवले. मलेशियाने २०१७ मध्ये हिपॅटायटिस सी वरील सोफॉसबुव्हिरसाठी पाऊल उचलले, त्याच सुमारास पेटंटधारक कंपनीने त्या देशाला आपल्या स्वेच्छा परवान्यात (मालक स्वतःहून देतो तो परवाना) सामील करून घेतले. पण किंमतही मोजावी लागते. थायलंडने २००६-०७ मध्ये एड्स व हृदयविकाराच्या औषधांसाठी परवाने काढले, तेव्हा अॅबट कंपनीने आपल्या नव्या औषधांचे तिथले नोंदणी अर्ज मागे घेतले आणि अमेरिकेने थायलंडला व्यापारविषयक निगराणीच्या वरच्या यादीत टाकले. रुग्णांना वेठीला धरण्याचा हा प्रकार होता.

ज्या देशात औषधनिर्मितीच होत नाही त्याने काय करायचे? यावर २००३ मध्ये काढलेला तोडगा २०१७ पासून ट्रिप्स कराराचा कायम भाग आहे: निर्यातीसाठीही परवाना देता येतो. पण तो प्रत्यक्षात उतरला एकदाच. रवांडाने २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेला तशी सूचना दिली आणि कॅनडातील अॅपोटेक्स कंपनीच्या एड्सविरोधी गोळ्यांचा पहिला साठा सप्टेंबर २००८ मध्ये रवाना झाला. प्रत्येक देशासाठी, प्रत्येक मागणीसाठी नवी कागदपत्रे लागत असल्याने कोणताही उत्पादक या वाटेला पुन्हा सहसा जाणार नाही.

अशा परवान्यांनी संशोधनाचा कणा मोडतो, हा कंपन्यांचा मुख्य आक्षेप. नव्या औषधाला मोठा खर्च येतो हे खरे. परंतु कंपन्यांचा बहुतेक नफा श्रीमंत देशांतून येतो, आणि निद्रारोगासारख्या केवळ गरिबांना होणाऱ्या आजारांवर पेटंटच्या आमिषाने फारसे संशोधन झालेलेही नाही.

परवान्याची खरी मर्यादा वेगळी आहे. गोळीचे रसायन उलगडून पुन्हा बनवता येते. जैविक औषधे आणि लशींना कारखान्यातले न सांगितलेले ज्ञान लागते, आणि ते परवान्याने मिळत नाही. भारत व दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे कोविडपुरते पेटंटसह इतरही काही बौद्धिक संपदा हक्क शिथिल करण्याची मागणी केली. जून २०२२ मध्ये मान्य झाली ती लशींच्या पेटंटपुरती, पाच वर्षांची सवलत. औषधे आणि चाचण्या वगळल्या गेल्या. कोविडची लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीने महासाथीत आपली पेटंटे बजावणार नाही असे जाहीर केले होते, तरी लस बनवण्याची कृती दिली नाही. केपटाउनच्या अॅफ्रिजेन कंपनीतील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध झालेल्या माहितीच्या आधारे त्या लशीची आपली आवृत्ती २०२२ च्या आरंभी प्रयोगशाळेत तयार केली.