सतलज नदी

सतलज : सिंधूच्या पंजाबातील पाच उपनद्यांपैकी सर्वांत पूर्वेकडची व सर्वांत लांब नदी. लांबी सु. १,४५० किमी. ऋग्वेदातील शुतुद्री ती हीच, असे सामान्यतः मानतात. शतद्रु हे रूप नंतरचे. तिबेट (चीन), भारत व पाकिस्तान असा तिचा प्रवाहमार्ग आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. स्वीडिश प्रवासी-संशोधक स्वेन हेडिन याने १९०७-०८ मधील प्रवासाच्या आधारे मानसरोवरास मिळणारा तागे त्सांगपो हा प्रवाहच सतलजचा आरंभ मानला. मानसरोवराचे पाणी गंगा छू या प्रवाहाने शेजारच्या राक्षसताल सरोवरात व तेथून सतलजेत उतरते, ही त्यामागची धारणा. मात्र गंगा छू पुष्कळदा कोरडा असतो. राक्षसतालाबाहेरचे जुने पात्रही तसेच. पाणी भूमिगत वाटेने पाझरते, असे हेडिनचे म्हणणे. कैलास-मानसरोवर प्रदेशाचे अभ्यासक स्वामी प्रणवानंद यांनी तिबेटी परंपरेनुसार दुलचू गोंपाजवळचे (गोंपा म्हणजे बौद्ध मठ) झरे हा उगम धरला. लांगचेन खंबाब (हत्तीच्या मुखातून आलेली) हे तिबेटी नाव परंपरेने या झऱ्यांशी जोडलेले असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. लांबी मोजताना मात्र हेडिनचाच मार्ग सोयीचा पडतो.

पुढे पश्चिम तिबेटातील गुगे या प्राचीन राज्याच्या प्रदेशातील मातकट, खोल घळींतून वाहत ती शिपकी खिंडीजवळ हिमाचल प्रदेशात शिरते. खाब येथे तिला स्पिती मिळते. स्पितीची उपनदी पारेछू भारतात उगम पावून तिबेटात जाते व सुमदोपाशी परत येते. तिबेटात दरड कोसळून तिच्यावर २००४ मध्ये तलाव साचला. जून २००५ मध्ये तो फुटून किन्नौरपर्यंत पूर आला. भाक्रा धरण (उंची सु. २२६ मी.) सतलजवरच आहे.

हरिके येथे बियास मिळाल्यावर सतलज फिरोजपूरच्या बाजूस वळते. १९४७ ची सीमारेषा येथे मुख्यतः जिल्ह्यांच्या जुन्या हद्दींवरून आखलेली असल्याने, नागमोडी पात्र कधी अलीकडे तर कधी पलीकडे असते. हुसैनीवाला येथे १९३१ मध्ये भगतसिंग, सुखदेव व (पुणे जिल्ह्यातील खेडचे) राजगुरू यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ही जागा फाळणीत पाकिस्तानात गेली होती. १९६१ मध्ये सुलेमानकी बंधाऱ्याजवळची १२ गावे देऊन भारताने ती परत मिळविली.

पाकिस्तानात सुलेमानकी, बहावलपूर या भागांतून जाऊन ती चिनाबला मिळते. संयुक्त प्रवाहास पंजनद म्हणतात. १९६० च्या सिंधू जलकरारानुसार सतलजचे पाणी भारताच्या वाट्याचे असल्याने, पुराचे दिवस सोडल्यास खालच्या पात्रात पाणी थोडेच असते.