वजन घटवण्याचा वेग आणि ७,७०० कॅलरींचा हिशेब

खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली की वजन उतरते, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो वेगाचा, आणि त्याच्या मुळाशी १९५८ सालचा एक हिशेब आहे. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने तेव्हा मांडले की एक पौंड वजन घटवायला ३,५०० कॅलरींची तूट लागते. किलोला सुमारे ७,७००. चरबीच्या ऊतींत थोडे पाणी आणि प्रथिनेही असतात, ती वजा केली तर साठवलेल्या ऊर्जेचा हा आकडा आजही बरोबर आहे.

घोळ त्याच्या वापरात झाला. पाठ्यपुस्तकांत आणि आहारतक्त्यांत तो सरळ भागाकार म्हणून उतरला: रोज ५०० कॅलरी कमी खा, वर्षात २३-२४ किलो उतरतील. शरीर असे एका दराने घटत नाही. सुरुवातीला ग्लायकोजेन (यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर) आणि त्याने धरून ठेवलेले पाणी जाते, म्हणून काटा भराभर खाली येतो. ‘सात दिवसांत पाच किलो’च्या जाहिराती मुख्यतः या पाण्यावर चालतात. पुढे हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, चयापचय मंदावतो, भूक वाढते आणि ठरवलेली तूट हळूहळू आकसत जाते.

हे १९५८ मध्ये अज्ञात होते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले. चयापचय मात्र शरीर लहान झाल्यामुळे जेवढा उतरायला हवा, त्याहून अधिक उतरला आणि मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. सविस्तर निष्कर्ष १९५० मध्ये छापले गेले. तरीही प्रचारात आला तो भागाकारच.

२०११ मध्ये गणित नव्याने मांडले गेले. जादा वजनाच्या सरासरी प्रौढाने रोजच्या आहारातून १०० कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर शेवटी सुमारे ४ किलो घटतात. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, बाकीचे बरेचसे पुढच्या दोन वर्षांत. म्हणजे ५०० कॅलरींच्या कपातीने वर्षभरात सुमारे १० किलो. जुन्या तक्त्यानुसार अशा माणसाने निम्मेही साधलेले नसते. आजवर किती जणांना ‘तुम्ही चोरून खाता’ हे निष्कारण ऐकावे लागले असेल! वजन अडकले की आहार आणखी तोडण्याची सवयही इथूनच लागली आणि ती धोक्याची आहे. फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, स्नायूही झिजतात. १९७०च्या दशकात केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याच्या लाटेत हृदयाची लय बिघडून कित्येक जण दगावले.

कर्बोदके सोडावीत की स्निग्ध पदार्थ, या भांडणाला त्यामानाने उगाच महत्त्व मिळाले. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक दिसला नाही.

भूक आवरणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी वेगाचा प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाला वजनासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पाठपुराव्यात औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले.